न वाचलेल्या चार ओळी

ताई, नमस्कार.

मी वाशीला राहते, वय ५८. माहेर ठाण्याचं, नौपाड्यातलं. यजमान ठाणे-बेलापूर रोडवरच्या एका केमिकल कंपनीतून निवृत्त झाले. मुलगा-सून बंगळुरूला. संसारात काही कमी नाही, हे आधीच सांगते, नाहीतर पुढचं वाचून भलताच समज व्हायचा.

गणपतीच्या आधी माळा काढला. हे स्टुलावर, मी खाली. पत्र्याच्या पेटीतून खाकी कव्हरची एक वही निघाली. यांनी ती फडक्याने पुसून माझ्या हातात दिली. ‘तुझी दिसतेय. काय लिहिलंय हे?’ मी म्हटलं, ‘आठवत नाही.’

ती माझी मोडी लिपीची वही. १९९१ च्या पावसाळ्यात आमच्या घराजवळच्या एका शाळेत दर रविवारी सकाळी मोडीचा वर्ग भरायचा. गुरुजी दफ्तरखान्यातून निवृत्त झालेले, सत्तरीच्या पुढचे. आधी पानभर आडवी रेघ मारायची आणि मग तिला अक्षरं लटकवत न्यायची, हे त्यांनी पहिल्या दिवशी शिकवलं. त्या रेघेला ते दोरी म्हणायचे. ‘दोरी सरळ बांधा, मग कपडे वाळत घाला. दोरीच वाकडी असली तर पुढे जायचं नाही.’ वर्गात आम्ही बारा-तेरा जण होतो. त्यात वागळे इस्टेटमध्ये ड्रॉइंग ऑफिसात काम करणारा एक मुलगा होता. तो बोरू, म्हणजे शाईत बुडवून लिहायची काडी, फार सुंदर कापायचा. माझाही कापून द्यायचा. वर्ग सुटला की आम्ही तलावपाळीला एक चक्कर मारायचो आणि कोपिनेश्वराच्या देवळापाशी आपापल्या वाटेने जायचो. असे अकरा रविवार. त्यापलीकडे काही नाही, ताई. हाताला हात लागला असेल तर बोरू घेताना.

अकराव्या रविवारी मी सांगितलं की माझं लग्न ठरलंय. तो ‘अरे वा’ म्हणाला, माझी वही मागून घेतली आणि शेवटच्या पानावर मोडीत चार ओळी लिहून दिल्या. मी म्हटलं, घरी जाऊन वाचीन. वाचल्या नाहीत. आधी धाडस झालं नाही, आणि धाडस झालं तेव्हा मोडी वाचताच येईना. आज मला त्यातले दोन-तीन शब्द लागतात, बाकी नुसत्या वेलबुट्ट्या दिसतात.

गुरुजी म्हणायचे, तुमचा डोळा चांगला आहे, पुण्याला जा, जुन्या कागदांच्या दफ्तरात काम करा. लग्नानंतर त्यांचं एक पोस्टकार्ड वाशीला आलं होतं, त्याला उत्तर द्यायचं राहून गेलं.

आता रात्री झोप लागत नाही. पुण्याला गेले असते तर? थोडी हिंमत केली असती तर? फेसबुकवर त्याच नावाचे एक गृहस्थ सापडले आहेत. केस पांढरे, मांडीवर नातू. तोच असावा. बोट तिथपर्यंत जातं आणि थांबतं. त्यांना शोधू का? या वयात असलं मनात येणं पाप आहे का? आणि सोबत त्या पानाचा फोटो पाठवला आहे, तुमच्या ओळखीत कोणी मोडी वाचणारं असेल तर एवढ्या चार ओळी वाचून द्याल का?

— वाशीची एक वाचक

*

नमस्कार.

तुमचं पत्र मी तीनदा वाचलं. मला स्वतःला मोडी येत नाही. पण मोडी सहज वाचणारी दोन माणसं माझ्या ओळखीची आहेत, फोटो पाठवला असता तर पाच मिनिटांत उत्तर आलं असतं. मी तो पाठवलेला नाही. का, ते पुढे लिहिते. आधी पापाबद्दल.

मनात येणं पाप नाही. अठ्ठावन्न वर्षांच्या बाईच्या मनात चोवीस वर्षांची ती स्वतः येणारच, आणि एकटी कशी येईल? पावसाळा, शाळेचे ओले बाक, बोरूची ढलपी, तलावपाळीचा वारा, सगळं बरोबर घेऊनच येते. तुम्हाला टोचतंय ते त्या मुलाची आठवण येणं नाहीच, असं मला वाटतं. टोचतंय ते ‘आठवत नाही’ हे उत्तर. स्टुलावरून उतरून वही पुसून देणाऱ्या माणसाला तुम्ही दोन शब्दांत बाहेर ठेवलंत. घाईत तोंडातून गेलं, समजू शकते. पण रात्री झोप लागत नाही तेव्हा पुण्याच्या बरोबरीने हे दोन शब्दही उशाशी असतील. ते उद्या सकाळच्या चहाला निस्तरता येतील. ‘मला मोडी यायची, विसरले, परत शिकावीशी वाटतेय,’ एवढंच सांगा. हे पूर्ण खरं आहे. शेवटच्या पानाबद्दल त्यांनी विचारलंच तर तेही सांगा: वर्गातल्या एकाने लग्न ठरल्यावर लिहून दिलं होतं, मी कधी वाचलंच नाही. यात लपवण्यासारखं काय आहे? लपवलंत म्हणून ते जड झालंय.

आता त्या अकरा रविवारांविषयी. ‘त्यापलीकडे काही नाही, ताई’ असं तुम्ही लिहिलंत. मला ते वाक्य खटकलं. अलीकडे जे होतं ते कमी होतं का?

१९८४ साली मी ठाण्याहून मशीद बंदरला नोकरीला जायचे. ठाण्याहून सुटणारी धिमी गाडी, बायकांचा डबा, आणि नशिबात कायम चौथी सीट. तीन बायका ऐसपैस बसलेल्या आणि चौथीने कडेला अर्धं अंग टेकायचं. मला रोज सरकून जागा द्यायची ती एक कळव्याची बाई. पन्नाशीची, नऊवारीतली. मशीदला कुठल्याशा गोदामात मिरच्या निवडायचं काम करायची. तिच्या पदराला मिरचीचा वास यायचा आणि आमच्या बाकावर अधूनमधून शिंका सुरू व्हायच्या. माझ्या हातात पुस्तक असायचं. एकदा तिने विचारलं, ‘काय लिवलंय त्यात?’ तिला वाचता येत नव्हतं. मी सांगायला सुरुवात केली. मग रोजचंच झालं. मुलुंड गेलं की ती पिशवीतला पाला काढायची, मेथी नाहीतर चवळी, आणि म्हणायची, ‘हां, मंग काय झालं त्या पोरीचं?’ घाटकोपर येईपर्यंत मी सांगायची आणि ती निवडायची. जिथे मी भराभर पुढे जायची तिथे ती अडवायची. ‘थांब. तिचा बाप काय म्हनला ते सांगितलं न्हाईस.’

आठ महिने. मग एका जूनमध्ये ती यायची बंद झाली. पंधरा दिवस मी तिची जागा धरून ठेवली, इतर बायकांची बोलणी खाल्ली. एका रविवारी कळव्याला उतरून तासभर फिरले. पण विचारणार काय? मला तिचं नावच माहीत नव्हतं. खांद्याला खांदा लावून आठ महिने बसले आणि नाव विचारायचं सुचलं नाही. तीही मला ‘ए पोरी’च म्हणायची.

तुमच्यासारखं मीही कित्येक वर्षं म्हणत आले की ती नुसती गाडीची ओळख होती. लोक याला ऋणानुबंध म्हणतात: देणं-घेणं फिटलं, माणूस गेलं. शब्द चांगला आहे, पण माझं त्याने कधी समाधान झालं नाही. त्या बाईचं माझ्याकडचं काही फिटलेलं नाही. आजही काही लिहून झालं की मी ते मेथी निवडणाऱ्या माणसाला सांगतेय असं समजून एकदा मोठ्याने वाचते, आणि जिथे ती अडवेल असं वाटतं तिथे खरोखर काहीतरी राहिलेलं असतं. ओळख आठ महिन्यांची. चाळीस वर्षं मी तिच्यावर जगतेय. अशा ओळखीला ‘त्यापलीकडे काही नाही’ म्हणताना जीभ अडखळायला हवी.

तेव्हा तुमचे अकरा रविवार खरे होते आणि पुरेसे होते. ते कशाची तरी सुरुवात होते आणि तुम्ही ते अर्धवट तोडले, असा हिशेब तुम्ही मागाहून मांडलाय. पण या हिशेबात एक गोष्ट धरायची राहिली आहे. तुम्ही त्या मुलाला अकरा रविवार पाहिलंत, सोमवार एकही पाहिला नाहीत. ड्रॉइंग ऑफिसातून दमून आलेला, साहेबाचा राग घरी काढणारा, घरभाड्याच्या तारखेला गप्प झालेला, आईच्या दुखण्याने चिडचिडा झालेला, असा तो तुम्हाला भेटलाच नाही. तुमच्या यजमानांचे मात्र चौतीस वर्षांचे सगळे सोमवार तुम्ही पाहिलेत. एकाचे रविवार आणि दुसऱ्याचे सोमवार एका तराजूत घालून तुम्ही रात्र रात्र तोलताय. त्याने दोघांवरही अन्याय होतो, आणि तुमच्यावर सगळ्यात जास्त.

दुसरं, ‘थोडी हिंमत केली असती तर’. इथे मला तुमच्याशी जरा भांडायचंय. तुमचं लग्न १९९१ च्या पावसाळ्यात ठरलं, म्हणजे तुम्ही वाशीला आलात त्या सुमाराची वाशी आठवा. मानखुर्दहून खाडीवरून वाशीपर्यंत लोकल आली ती १९९२ च्या मे महिन्यात. त्यानंतरही रेल्वेने ठाण्याला माहेरी जायचं तर उलटं कुर्ल्यापर्यंत जाऊन गाडी बदलावी लागायची. नाहीतर बेलापूर रोडने, कारखान्यांच्या धुरातून, कळव्यावरून बस. ऐरोलीचा पूल तेव्हा नव्हता. ठाण्याहून थेट वाशीला गाडी सुरू झाली २००४ मध्ये. म्हणजे तुमच्या लग्नानंतर बारा वर्षांनी. तोवर तुमचा मुलगा शाळेत वरच्या वर्गात असेल.

आज तुम्ही वाशीला गाडीत बसता आणि सानपाडा, तुर्भे, कोपरखैरणे, घणसोली, रबाळे, ऐरोली, दिघा गाव करत अर्ध्या-पाऊण तासात ठाण्याला उतरता. आणि त्या गाडीत बसून १९९२ च्या मुलीला विचारता, एवढंसं जमलं नाही तुला? तिच्या पायाखाली हे रूळ नव्हते. नवीन घर, नवीन माणसं, वर्षा-दोन वर्षांत बाळ. तिने पुण्याच्या दफ्तरात कशी नोकरी करायची होती? हिंमत नव्हती असं तुम्ही म्हणता. मला तर दिसतं ते हे, की तिने ती वही टाकली नाही. माहेरून सासरी आणली, घरं बदलली असतील तर प्रत्येक वेळी बरोबर नेली, रद्दीवाल्याच्या काट्यापासून चौतीस वर्षं वाचवली. त्या मुलीला इतकं घालूनपाडून बोलू नका.

आणि आता ज्याच्यासाठी मी हे उत्तर लिहायला बसले ते.

तुमच्या मूळ पत्राची साडेचार पानं झाली, इथे मी ती आवरून घेतली आहेत. त्यातली तीन पानं त्या मुलावर आहेत. गुरुजींच्या पोस्टकार्डावर एक वाक्य आहे: ‘त्याला उत्तर द्यायचं राहून गेलं.’ आणि लगेच दुसरा परिच्छेद. मला विचाराल तर तुमच्या पत्रातलं सगळ्यात जड वाक्य ते आहे. म्हणूनच तुम्ही तिथे थांबला नाहीत.

सत्तरी ओलांडलेला माणूस रविवारी सकाळी बारा-तेरा जणांना फुकट किंवा नाममात्र फीवर एक मरत चाललेली लिपी शिकवतो. त्यातल्या एका मुलीकडे पाहून त्याला वाटतं, हिचा डोळा आहे, ही पुढे नेईल. ती लग्न होऊन जाते. तो तिचा नवा पत्ता मिळवतो. कुणाकडून मिळवला असेल? तुमच्या घरी जाऊन विचारला असेल. १५ पैशांचं कार्ड आणतो आणि लिहितो. त्या कार्डात काय होतं ते तुम्ही लिहिलेलं नाही, पण ‘पुण्यास कधी जाता’ अशासारखंच काही असणार. आणि मग तो वाट पाहतो.

हे मी तुम्हाला अपराधी वाटावं म्हणून लिहीत नाही. आपल्या सगळ्यांच्या पेटीत असं एक पोस्टकार्ड असतं. माझ्याही आहे. पण तुमच्या मनाने एक घोटाळा केलाय तो तुम्हाला दाखवावासा वाटतो. जुन्या दफ्तरात कागद कापडात बांधून ठेवतात, त्या गाठोड्याला रुमाल म्हणतात, हे तुम्हाला माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक असेल. तुम्ही दोन माणसं आणि एक काम एकाच रुमालात बांधून वर गाठ मारलीत. आता गाठोडं खाली आलं तेव्हा त्यातून पहिल्यांदा तरुण चेहरा बाहेर आला, कारण तरुण चेहरा पटकन दिसतो. त्यामुळे जी हुरहुर लागली ती सगळी तुम्ही त्याच्या नावावर जमा केलीत. त्यातली बरीचशी त्या कामाची आहे. कुणीतरी आपल्याकडे पाहून ‘तुमचा डोळा चांगला आहे’ म्हणणं, हे आपल्या पिढीतल्या मुलींच्या वाट्याला किती वेळा यायचं? लग्नासाठी पाहायला येणारे रंग पाहायचे, उंची पाहायचे. डोळा चांगला म्हणजे अक्षर ओळखणारा डोळा, असं म्हणणारा माणूस तुम्हाला एकच भेटला. तो वागळे इस्टेटमधला मुलगा नव्हता.

गाठ सोडा आणि तिन्ही वेगळं ठेवा. मुलगा गेला, त्याच्या वाटेने. गुरुजी आज असते तर शंभरीच्या पुढे असते, म्हणजे तेही गेले म्हणायचे. काम मात्र तिथेच आहे. तुम्ही सोडलं होतं त्यापेक्षा आज त्याला माणसांची जास्त गरज आहे.

पुण्याच्या पेशवे दफ्तरात हजारो रुमाल आहेत. भारत इतिहास संशोधक मंडळ १९१० साली स्थापन झालं, तेव्हापासून तिथे कागद जमताहेत. हे झालं मोठ्या ठिकाणांचं. पण गावोगावच्या देवस्थानांत, जुन्या वाड्यांत, तहसील कचेऱ्यांत, लोकांच्या घरच्या पेट्यांत खतं, कबाले, जन्ममृत्यूच्या नोंदी, वंशावळी मोडीत पडून आहेत. आपल्या आजोबांच्या पिढीला शाळेत मोडी होती. मधल्या दोन पिढ्यांना नाही, आणि त्यामुळे घरचाच कागद घरच्यांना वाचता येत नाही. २०२३ मध्ये सरकारने कुणबी नोंदी शोधायला घेतल्या, तेव्हा ठिकठिकाणी मोडी वाचणाऱ्यांचा शोध घ्यावा लागला. एका ओळीच्या वाचनावर एखाद्या घराचा जातीचा दाखला अवलंबून. शब्द सलग लिहिलेले, वेलांटी-उकारात ऱ्हस्व-दीर्घाचा फरक नाही, भलत्या ठिकाणी शब्द तोडला की अर्थ बदलला. तिथे चांगला डोळाच लागतो.

राज्याच्या पुराभिलेख संचालनालयातर्फे मोडीचं प्रशिक्षण दिलं जातं. ठाण्या-मुंबईत खासगी वर्गही अधूनमधून निघतात, घरबसल्या फोनवरही शिकता येतं. पण माझं ऐकाल तर जमेल तोवर समोर बसून शिका, फळ्याकडे बघत, शेजारणीच्या वहीत डोकावत. ठाण्याचं मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ पासूनचं आहे, तिथे चौकशी करा. पूर्वी तुम्हाला दोन गाड्या बदलाव्या लागल्या असत्या, आता एक पुरते. वयाचं म्हणाल तर हात आधी आठवेल आणि डोकं मागून, असा माझा अंदाज आहे. अक्षर एकदा हातात बसलं की ते बराच काळ तिथे राहतं. तुम्हाला दोन-तीन शब्द अजून लागतात, याचा अर्थ ते पुरतं गेलेलं नाही.

आता फेसबुक. लगेच नको. यात कायमचं नको असं मी म्हणत नाही. आज तुम्ही त्यांना निरोप पाठवलात तर तो जागरणातून आलेला निरोप असेल, तुमच्या न कळत त्यात प्रश्न असेल, आणि तो प्रश्न अचानक एका घरात जाऊन पडेल, जिथे मांडीवर नातू आहे आणि बाजूला त्याची आजी. त्यांना कदाचित तुम्ही आठवणार नाही, मग तुमचे अकरा रविवार उगाच खोटे वाटू लागतील. कदाचित तुमच्यापेक्षा जास्त आठवत असेल, मग त्यांचीही झोप जाईल. दोन्हींत भलं कुणाचं? सहा-आठ महिने जाऊ द्या. वर्ग पुरा करा. त्यानंतरही वाटलं तर निरोप लिहा, पण पाठवण्याआधी त्यातलं पहिलं वाक्य जेवताना यजमानांना वाचून दाखवा. ‘आपण मोडीच्या वर्गात बरोबर होतो, मी पुन्हा शिकले, तुम्ही बोरू छान कापायचात.’ हे वाचून दाखवताना आवाज अडखळला नाही तर खुशाल पाठवा. अडखळला तर थांबा, आणखी सहा महिन्यांनी पाहा.

राहिल्या त्या चार ओळी.

जुन्या पत्रांत मजकूर संपला की शेवटी एक छोटा शिक्का उमटवत. शिवाजी महाराजांच्या पत्रांवर ‘मर्यादेयं विराजते’ असतो, पुढच्या काळातल्या पत्रांवर ‘लेखनसीमा’. त्याला मोर्तब म्हणत. पत्र इथे संपलं, याखाली कुणी पदरचं काही घालू नये, यासाठी ती खूण. तुमच्या पानावर मोर्तब नाही. तुम्ही ते वाचलंच नाहीत, त्यामुळे ते संपलं नाही, आणि गेली चौतीस वर्षं त्याखाली तुम्ही मनानेच ओळी वाढवत गेलात. आता तिथे चार ओळी नाहीत, चारशे आहेत, आणि त्यातल्या चार सोडून सगळ्या तुमच्या आहेत.

म्हणून मी तो फोटो कुणाला दाखवला नाही. त्या ओळी दुसऱ्या कुणी वाचून तुम्हाला फोनवर सांगाव्यात, हे मला बरोबर वाटत नाही. त्या तुम्हाला वाचता याव्यात म्हणूनच मोडीत लिहिल्या होत्या. तुमच्या घरी वही कुणी उघडली तरी कळू नये, एवढी काळजी त्या मुलाने तेव्हा घेतली असावी. त्याचा हेतू काहीही असो, वाचक त्याने तुम्हालाच ठरवलं होतं. त्या तुम्हीच वाचायच्या.

मन मात्र तयार ठेवा. ती शुभेच्छा असेल. गुरुजींनी वर्गात घोकून घेतलेली एखादी जमिनीच्या खताची सुरुवातही असेल, ‘मौजे अमुक तर्फे तमुक’, नुसती गंमत म्हणून लिहिलेली. तुम्हाला वाटतंय तेच असण्याचीही शक्यता आहे. यांपैकी काहीही निघालं तरी ते आज तुमच्या डोळ्यांना कळलेलं असेल. पहिल्या वर्गाला वही बरोबर नेऊ नका. तिसऱ्या-चौथ्या महिन्यात, वर्गातले कागद अडखळत का होईना वाचता यायला लागले की एखाद्या दुपारी काढून बसा.

तुम्ही पाठवलेला फोटो मी माझ्या फोनमधून काढून टाकला आहे. चार ओळींत काय निघालं ते मला कळवू नका, ते तुमचं आहे. पहिली दोरी सरळ आली की मात्र जरूर कळवा. आणि तेवढ्यापुरतं एक पोस्टकार्ड आणा. अजून पोस्टात मिळतं.